शिबिरातली शांती दुकानापर्यंत का पोचत नाही?

पत्र : चाटी गल्लीत माझं चादर-टॉवेलचं छोटं दुकान आहे. वय ४७. घरी आई (७६), बायको आणि बारावीतली मुलगी. मागच्या दिवाळीनंतर दहा दिवसांचं मौन शिबिर केलं. आल्यावर तीन आठवडे मी वेगळाच माणूस झालो होतो, घरातले सगळे म्हणायचे. मग कधी सुटलं कळलंच नाही. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगितलं होतं, आता महिन्यातून दोनदाही होत नाही. दुकानात गिऱ्हाइकानं पन्नास चादरी उलगडायला लावून काहीच घेतलं नाही तरी मी हसतो. दुपारचा डबा चारला उघडतो. रात्री नऊला घरी आल्यावर आईनं ‘दुकान नीट बंद केलंस का रे’ हे चौथ्यांदा विचारलं की ओरडतो. पाणी चार दिवसांआड, कधी पहाटे तीनला. त्या दिवशी घरात कुणी माझ्या वाटेला जात नाही. मागच्या आठवड्यात मुलीसमोर बायकोला नको ते बोललो. चांगुलपणाचं म्हणाल तर चुलतभाऊ थोडे थोडे करून सव्वा लाख उसने घेऊन बसलाय. मी मागत नाही, आणि तो पुन्हा मागायला येतो. रोज सकाळी ग्रुपवर सुविचार पाठवतो आणि माझीच मला लाज वाटते. दोन वर्षांपूर्वी गाडी घेतली, तिचा आनंद दोन महिने टिकला. कायमची शांती, कायमचा आनंद असं काही असतं का ओ? पुन्हा शिबिराला जाऊ का?
— एक दुकानदार, सोलापूर

उत्तर :

नमस्कार,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. पुन्हा जायला हरकत नाही, पण आत्ता नको. पहिल्या शिबिरात नेमकं काय झालं हे कळल्याशिवाय गेलात तर दुसऱ्यातूनही तेच हाती लागेल, तीन आठवडे.

शिबिरात तुम्ही ध्यान केलंत हे खरंच. पण त्यासोबत आणखीही बरंच काही घडलं आणि ते सगळं ध्यानाच्याच खात्यावर जमा झालं. फोन काढून घेतला. बोलणं बंद. ताट वेळेवर समोर आलं. रात्री लवकर दिवे गेले. दहा दिवसांत पैशाचा एकही निर्णय घ्यावा लागला नाही, पाण्याची वाट बघावी लागली नाही, कुणी चादरी उलगडायला लावल्या नाहीत. एवढं कुणालाही दिलं तरी तो निम्मा शांत होईल. परत आल्यावर हे सगळं एका दिवसात गेलं आणि उरलं फक्त ‘रोज दोन तास बसा’. दुकान सांभाळणाऱ्या माणसाला ते जमलं नाही यात नवल नाही. तुमच्याच धंद्यातलं सांगायचं तर सोलापुरी चादरीचं सूत आधी रंगतं, मग मागावर चढतं. विणून झालेल्या कापडावर वरून छापलेली नक्षी किती धुण्यांत जाते, हे तुम्ही गिऱ्हाइकाला रोज समजावत असाल. शांतीचा रंगही सुतालाच लावायचा आहे, आणि तुमचं सूत म्हणजे पाण्याचा दिवस, चारचा डबा, रात्री नऊची वेळ आणि आई.

त्याआधी मोजमाप बदला. ‘आज राग आला का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक दिवशी ‘आला’ असंच असेल आणि तुम्ही रोज नापास व्हाल. त्याऐवजी ‘राग आल्यावर परत यायला किती वेळ लागला?’ हे मोजा. आज ओरडल्यावर तुमचा पारा उतरायला दुसरी सकाळ उजाडत असेल आणि तीन महिन्यांनी तो अर्ध्या तासात उतरायला लागला, तर घरातल्यांसाठी ते दुसरंच घर आहे. कायमची शांती म्हणजे राग न येणारं मन, अशी समजूत असेल तर ती सोडून द्या. परतीची वाट रोजच्या पायाखालची होणं, एवढंच तिच्यातलं मिळण्यासारखं आहे, आणि ते पुष्कळ आहे.

उधारीच्या वहीची मागची पानं घ्या. तीन रकाने आखा : किती वाजता, कशावरून, उतरायला किती वेळ. चौदा दिवस फक्त लिहा, काही सुधारायला जाऊ नका. शेजारी बारीक अक्षरात जेवण किती वाजता झालं आणि रात्री किती तास झोप झाली हेही लिहा. लोक इथं एक चूक हमखास करतात : वहीत स्वतःला शिव्या घालतात, ‘पुन्हा तेच केलं, मी सुधारणारच नाही’. अशी वही चौथ्या दिवशी बंद पडते. गिऱ्हाइकाची उधारी लिहिताना तुम्ही त्याच्या चारित्र्यावर शेरा मारत नाही, तसंच इथंही फक्त नोंद.

चौदा दिवसांनी राग चोवीस तासांवर सारखा पसरलेला दिसणार नाही, दोन-तीन ठिकाणी त्याचे ढीग दिसतील. तुमच्या पत्रावरून दोन तर आत्ताच दिसतात. रात्री नऊ ते साडेनऊ, आणि पाण्याचा दिवस. म्हणजे ‘माझा स्वभावच तापट’ हे काही खरं नाही. तुमचे ठरावीक अर्धे तास वाईट आहेत, आणि अर्धा तास दुरुस्त करता येतो.

आधी डबा. सकाळी नऊला खाऊन चारला डबा उघडायचा म्हणजे सात तासांचं अंतर, मध्ये दोन-तीन चहा. एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो तेव्हा पत्र्याखालच्या दुकानात हे शरीरावर किती बसतं ते वेगळं सांगायला नको. भुकेला माणूस चिडखोर होतो यात अध्यात्म काही नाही. डबा दीडला उघडा. गिऱ्हाईक असेल तर ज्वारीची एक भाकरी आणि शेंगाचटणी तरी पोटात जाऊ द्या, बाकीचं नंतर. पाण्याची बाटली गल्ल्याशेजारी ठेवा. चहा पाचनंतर नको, झोप मोडते. हे वाचून ‘मी शांती विचारली आणि हे जेवायला सांगतायत’ असं वाटेल. वाटू द्या. दोन आठवडे करून वहीतले आकडे बघा.

आता पाण्याचा दिवस. उजनीचं पाणी नळाला कधी येणार हे तुमच्या हातात नाही, पण पाणी आल्यावर घरात कोण काय करणार हे आहे. बहुतेक घरांत ही कामं न ठरवता होतात, म्हणून एकाच वेळी तिघं मोटारीकडे धावतात आणि पिण्याचा हंडा कुणीच भरत नाही. कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. मोटार आणि टाकी कुणाची, पिण्याचं कुणाचं, बॅरल कुणाचं, गजर कुणी लावायचा. टाकीत मोटारीचा फ्लोट स्विच बसवलेला नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, टाकी भरली की मोटार आपोआप बंद होते आणि पहाटे तीनला कठड्याशी उभं राहून वाट बघावी लागत नाही. तीनला उठणाऱ्यानं दुपारी वीस मिनिटं आडवं व्हायचं. पाऊण तास नको, नंतर अंग जड होतं आणि रात्रीची झोप जाते. एक नियम मात्र घरातल्या सगळ्यांनी मिळून करा : पाण्याच्या दिवशी पैसे, मुलीचे मार्क आणि नातेवाईक या तीन विषयांवर बोलणं नाही. दुसऱ्या दिवशी बोला. झोप अपुरी असताना साधी वाक्यंही टोमण्यासारखी ऐकू येतात.

मग ध्यान कुठं? ते आहेच, पण छोटं. तासाचं सोडा, पाच मिनिटं घ्या. शटर वर गेलं, झाडलोट झाली, उदबत्ती लागली की गल्ल्याला हात लावायच्या आधी स्टुलावर बसा. पाठ ताठ, पाय जमिनीला. नाकानं चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर. एक श्वास दहा सेकंदांचा, मिनिटाला सहा, पाच मिनिटांत तीस. घड्याळ बघायला नको, बोटांची पेरं मोजा. चार बोटांची बारा पेरं. दोन हात आणि पुन्हा एक अर्धा हात म्हणजे तीस. बाहेर जाणारा श्वास लांब ठेवण्याला कारण आहे : श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, घेताना किंचित वाढतात. सोडण्याला जास्त वेळ दिला की शरीर ब्रेकच्या बाजूला झुकतं.

चक्कर आली तर तुम्ही श्वास जोरात, फार खोल घेताय. हळू करा, पोट गच्च भरू नका. चार-सहा जड जात असेल तर तीन-पाच चालेल. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर श्वास रोखून धरण्याचे प्रकार मनानं करू नका. डोळे मिटल्यावर उलट अस्वस्थ वाटत असेल तर उघडेच ठेवा, समोरच्या एका चादरीच्या नक्षीवर नजर टेकवा. मन हिशोबात गेलं तर पहिल्या पेरावर परत या. तीस श्वासांत दहा वेळा परत यावं लागलं तर बरंच आहे, परत येण्याचाच तर सराव चाललाय.

ज्या दिवशी फार तापायला होतं तेव्हा दुसरा एक प्रकार. नाकानं श्वास घ्या, तो पूर्ण होताच वरून आणखी एक छोटा घ्या, आणि तोंडानं सावकाश, लांब सोडा. लहान मूल रडून झाल्यावर हुंदका देत श्वास सोडतं, साधारण तसं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना रोज पाच मिनिटं असं महिनाभर करायला लावलं. मन प्रसन्न होण्याच्या बाबतीत हा गट तेवढाच वेळ ध्यान करणाऱ्यांच्या पुढे होता. त्यामुळे ध्यान टाकाऊ ठरत नाही. पण ‘तासभर बसलो तरच खरं’ हे ओझं तुम्ही उतरवून ठेवायला हरकत नाही.

सवय लागायला किती दिवस? एकवीस दिवसांचं जे म्हणतात त्यात अर्थ नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८ लागले आणि कुणाला २५४ लागतील असा अंदाज आला. त्यात आणखी एक गोष्ट दिसली जी तुमच्या कामाची आहे : मधला एखादा दिवस चुकल्यानं सवय बिघडली नाही. तुमचं काय झालं असणार? एक दिवस चुकला, अपराधी वाटलं, दुसऱ्या दिवशी ‘आता काय उपयोग’ म्हणून टाळलं. चुकला तर चुकला. दुसऱ्या दिवशी शटर उघडणारच आहे.

आता रात्रीचे नऊ. दिवसभर दुकानात जे हसू तुम्ही विकता त्याचं बिल घरी येऊन फाडता. गिऱ्हाइकासमोर राग गिळणं ही तुमच्या धंद्याची गरज आहे, पण गिळलेला राग जातो कुठं? तो गाडीवर बसून तुमच्याबरोबर घरी येतो. म्हणून दुकान आणि घर यांच्यामध्ये एक टप्पा हवा. जाता जाता कंबर तलावाकाठी किंवा घराजवळच्या देवळाच्या पायरीवर दहा मिनिटं बसा, फोन खिशात. तेही जमत नसेल तर गाडी लावल्यावर लगेच वर जाऊ नका. पाच मिनिटं गाडीवरच, आधी सांगितलेला श्वास. मग घरात पाय टाकताना हातपाय धुणं ही जुनी रीत आहे, ती नुसती स्वच्छतेसाठी आहे असं समजू नका. पहिली पंधरा मिनिटं फोन कपाटावर, टीव्ही बंद, आणि पैशाचा विषय नाही.

राग चढतोय हे शरीराला आधी कळतं, डोक्याला नंतर. कुणाचा जबडा आवळतो, कुणाचे कान तापतात, कुणाचा आवाज एक पट्टी वर जातो. तुमचं काय होतं ते वहीत लिहा. ते जाणवलं की एकच वाक्य ठरवून ठेवा : ‘मी दहा मिनिटांत येतो, मग बोलू.’ हे मोठ्यानं म्हणायचं आणि दुसऱ्या खोलीत जायचं. दहा मिनिटांनी परत यायचंच. बरेच पुरुष पहिला भाग करतात, दुसरा विसरतात. काही न बोलता उठून जातात आणि तास-दोन तास अबोला धरतात. त्यांना वाटतं आपण राग आवरला. बायकोला आणि मुलांना ती शिक्षा वाटते. गेलेल्या दहा मिनिटांत ‘ती काय म्हणाली आणि मी काय म्हणायला हवं होतं’ हे घोळवत बसलात तर पारा उतरत नाही, चढतो. तेवढ्या वेळात हातानं काहीतरी करा. भांडी पुसा, कपडे घडी करा. चादरीच्या घड्या तुमच्याइतक्या सफाईनं कोण घालणार?

आईंबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात काळजीचं वाक्य तेच आहे आणि तुम्ही ते सहज लिहून गेलात. शहात्तराव्या वर्षी एकच प्रश्न तासाभरात चार वेळा विचारणं ही खोड असेलच असं नाही. आधी कान तपासा. उत्तर ऐकूच गेलं नसेल तर माणूस पुन्हा विचारणारच. मग फिजिशियनकडे घेऊन जा आणि स्पष्ट सांगा, ‘विसरायला लागलीय.’ बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, रक्तातली साखर, झोपेच्या किंवा इतर गोळ्यांचा परिणाम, उदासी, या सगळ्यांनी विसराळूपणा येतो आणि त्यातलं बरंच औषधानं सुधारतं. घरातलं जेवण शाकाहारी असेल तर बी-१२ नक्की बघून घ्या. डॉक्टर स्मृतीची छोटी प्रश्नचाचणीही घेतील. यातून कारण सापडलं नाही तर स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे का ते न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ सांगू शकतील. जाताना एक यादी न्या : कधीपासून, काय विसरतात, नेहमीचा स्वयंपाक-पूजा जमते का, ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का, आणि सध्याच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. आणि हे वेगळं लक्षात ठेवा : एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, रात्री बरळायला लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर. लघवीचा जंतुसंसर्ग किंवा रक्तातलं सोडियम कमी होणं, म्हाताऱ्या माणसांत असंच दिसतं.

तोवर घरात काय? ‘आत्ताच सांगितलं ना!’ हे वाक्य बंद. ज्याला आठवत नाही त्याला ‘तुला आठवत नाही’ हे सांगून काही मिळत नाही, फक्त भीती वाढते. उत्तर लहान आणि दर वेळी तेच द्या, जवळ जाऊन, डोळ्यात बघून : ‘हो आई, कुलूप लावलं. चावी इथं आहे.’ चावी हातात द्या. हाताला लागलेली गोष्ट शब्दांपेक्षा जास्त टिकते. त्यांच्या खाटेसमोर पाटी लावा, ठळक खडूत : आज वार कोणता, मुलगा रात्री नऊला येणार, दुकान बंद झालं. रोज नातीनं बदलायची. आणि ‘दुकान बंद केलंस का’ हा खरं तर दुकानाबद्दलचा प्रश्न नाहीच, मुलगा सुखरूप घरी आला का हे त्या विचारतायत. कधी उत्तर देण्याआधीच सांगून टाका, ‘आलो आई, सगळं ठीक.’ संध्याकाळी सातनंतर अस्वस्थता वाढत असेल तर हाताला काम द्या. वाती वळणं, शेंगा फोडणं, टॉवेलांच्या घड्या. खोलीत उजेड भरपूर ठेवा.

चौथ्यांदा विचारल्यावर संताप येणारच. त्यासाठी आधीच ठरवून ठेवायचं : ‘आईनं तिसऱ्यांदा विचारलं, की मी आधी एक लांब श्वास सोडणार आणि मग उत्तर देणार.’ ‘मी शांत राहीन’ हा संकल्प कामाला येत नाही, त्याला वेळ-काळ नाही. ‘असं झालं की असं करणार’ हा येतो, कारण खूण बाहेरून मिळते.

बायकोला मुलीसमोर जे बोललात त्याची भरपाई राहिली आहे. माफी बंद दाराआड मागितलीत तर निम्मीच झाली. अपमान ज्यांच्यासमोर झाला त्यांच्यासमोरच ती मागायची. तीन वाक्यं पुरतात. काय केलं ते नावानिशी : ‘मागच्या आठवड्यात मी तुला असं असं बोललो.’ त्यानं काय झालं : ‘तुला मुलीसमोर कमीपणा आला.’ आता काय करणार : ‘पुन्हा तसं व्हायला लागलं तर मी उठून जाईन आणि दहा मिनिटांनी येईन.’ इथं थांबायचं. ‘पण तूही...’ आलं की माफी संपली आणि भांडण सुरू झालं. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ ही माफी नसून हुशारी आहे. त्या लगेच विरघळल्या नाहीत तर तो त्यांचा हक्क. दुकानातल्या पोराला गिऱ्हाइकासमोर झापलंत तरी नियम हाच.

आता चुलतभाऊ. तुम्ही त्याला चांगुलपणा म्हणताय, पण मागायची भीती आणि चांगुलपणा दिसायला सारखेच असतात. खूण एवढीच की चांगुलपणानं दिल्यावर मन मोकळं होतं आणि भीतीनं दिल्यावर हिशोब चालू राहतो. तुमचा चालू आहे, आकडा तोंडपाठ आहे.

सव्वा लाखाचे दोनच मार्ग आहेत. एक, लिहून हप्ते. महिना तीन हजार धरले तर साधारण ४२ हप्ते होतात. त्याच्या सहीनं, तारीख घालून एक कागद करा. तोंडी उसनवारीची वसुली कायद्यानं सामान्यतः ३ वर्षांच्या आत मागता येते, आणि प्रत्येक रकमेची तारीख वेगळी असल्यानं मुदतही वेगळी. मुदत संपायच्या आत त्यानं लेखी कबुली दिली, तर तिथून नवी मुदत सुरू होते. म्हणून तारखा काढा आणि हे काम याच महिन्यात करा, वकिलाला एकदा विचारून. दोन, पूर्ण सोडून देणं. बायकोला सांगून, दोघांच्या संमतीनं, वहीत ‘सोडले’ लिहून. मग पुन्हा लग्नकार्यात टोमणा नाही. तिसरा मार्ग तुम्ही आत्ता चालताय तो : मागायचं नाही आणि विसरायचंही नाही. त्यात पैसेही जातात आणि झोपही.

पुढच्यासाठी एक डबी करा. दर महिन्याला परत नाही आलं तरी चालेल एवढी रक्कम त्यात, दोन हजार म्हणा. मदत त्यातूनच. संपली की ‘या महिन्यात जमणार नाही’ हे खरंखुरं उत्तर तुमच्याकडे तयार आहे. मोठ्या रकमेला जागच्या जागी कधीच हो म्हणू नका, ‘उद्या घरी विचारून सांगतो’ म्हणा आणि उद्या खरंच सांगा.

नाही म्हणणं कठोरच असायला हवं असं नाही. गड्ड्याच्या जत्रेत दरवर्षी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, त्यामागची कुंभारकन्येची कथा सोलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिनं सोलापूरचं ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामांशी लग्नाचा हट्ट धरला, त्यांना तो मान्य करणं शक्य नव्हतं. त्यांनी तिला हाकललं नाही आणि स्वतःचं व्रतही मोडलं नाही. योगदंडाशी विवाह लावायची परवानगी दिली. नकार दिला, पण तिला रिकाम्या हातानं पाठवलं नाही. चुलतभावाला पैसे देता येत नसतील तर त्याच्या पोरासाठी ओळखीच्या कारखान्यात शब्द टाकता येईल का, ते बघा.

पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्या पादातलं तेहेतिसावं सूत्र नेमकं याच कामाचं आहे. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, चांगलं करणाऱ्याबद्दल आनंद, आणि वाईट वागणाऱ्याबद्दल उपेक्षा, यानं चित्त प्रसन्न होतं. बौद्ध परंपरेतही याच चार भावना आहेत. सुविचारवाले पहिल्या तीन उचलतात आणि चौथी सोडतात. उपेक्षा म्हणजे तिरस्कार नाही, त्या माणसाला डोक्यात फुकट जागा न देणं. आणि सुखी माणसाशी मैत्रीही वाटते तितकी सोपी नाही. समोरच्या दुकानात गर्दी आहे आणि आपल्याकडे माशी नाही, तेव्हा करून बघा.

आनंदाचं थोडक्यात. गाडीचा आनंद दोन महिन्यांत ओसरला यात तुमचा दोष नाही. मन नव्याला सरावतं आणि नवी पातळी गृहीत धरतं. एसी लावलात तरी तेच होईल. माणसांमधल्या आनंदाला हे तितकं लागू पडत नाही, कारण माणूस रोज थोडा वेगळा असतो. हार्वर्डमध्ये १९३८ पासून चाललेल्या अभ्यासातही उतारवयातल्या समाधानाशी सगळ्यात घट्ट जोडलेली गोष्ट म्हणून जवळची नातीच पुढे आली. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या आदल्या रात्री, पाच ओळी लिहा. ‘आरोग्य, कुटुंब’ असं मोघम नको. ‘बुधवारी मुलीनं न सांगता मोटार बंद केली’ असं नेमकं. रोज लिहू नका, रोज केलं की ते हजेरीपट होतं. भल्या कामांचंही तसंच. एका प्रयोगात आठवडाभर पसरवण्यापेक्षा आठवड्यात एकाच दिवशी पाच छोटी कामं केल्यावर लोकांना जास्त बरं वाटलं. एक वार ठरवा. बोहनीच्या आधी आलेल्या म्हाताऱ्याला पाणी विचारणं, जुन्या हमालाला फोन करणं, एवढी छोटी कामं चालतील. सुविचार मात्र पाठवू नका काही दिवस. लाज वाटतेय ती बरोबरच वाटतेय.

एक इशारा. दोन आठवड्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवसभर मन उदास, कशात रस नाही, पाण्याची पाळी नसतानाही पहाटे जाग येऊन डोळा लागत नाही, किंवा जगणं नको वाटतं, असं काही असेल तर ते श्वासावर सोडू नका. डॉक्टरांना भेटा. टेलि-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ वर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येतं. असा त्रास चालू असताना लांबलचक मौन शिबिरानं कधी कधी बिघडतं, म्हणून जाण्याआधी डॉक्टरांना विचारा.

हे सगळं एकदम करायला घेऊ नका. पहिले चौदा दिवस फक्त वही. पुढचे दोन आठवडे दीडचा डबा. मग पाच मिनिटं. आईंची तपासणी आणि बायकोची माफी मात्र याच आठवड्यात.

आणि एक प्रश्न तुमच्या पत्रात कुठंच नाही. दिवाळीनंतर तुम्ही दहा दिवस मौनात होता तेव्हा आईंच्या प्रश्नांना उत्तरं कोण देत होतं, पहाटे तीनला कोण उठत होतं, दुकानाचा फोन कोण उचलत होतं? तुमच्या शांतीचं भाडं कुणीतरी भरलंय. पुढचं शिबिर व्हायच्या आधी त्यांना दहा दिवस द्या. माहेरी, बहिणीकडे, मैत्रिणींबरोबर, शिबिराला, जिथं त्यांना जायचंय तिथं. तारीखही त्यांनाच ठरवू द्या. त्या निघायच्या आधी मोटारीचा खटका कुठला, पिण्याचं पाणी कुठल्या हंड्यात आणि आईंच्या रात्रीच्या गोळ्या कुठल्या डबीत, एवढं मात्र विचारून ठेवा.